चवदार तळे आणि व्यापाऱ्याची पत



सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. पण चवदार तळ्याचे पाणी कागदावरच खुले राहिले. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. सवर्णांच्या घागरी मात्र फुकट भरत होत्या, आणि ही सवलत आहे असे कोणाच्या मनातही येत नव्हते. २० मार्चला डॉ. आंबेडकर तळ्याचे पाणी प्याले. या लढ्यात सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे हे सवर्ण त्यांच्यासोबत होते. जन्माने मिळालेला मान त्यांनी पणास लावला.

डिसेंबरच्या परिषदेला मात्र गावच्या दुकानांतून शिधा मिळेना. तो बाहेरून आणावा लागला. व्यापारी समाजाने हे पान गाळून इतिहास वाचू नये.

महाड-पोलादपूरच्या पेढीवर नव्याने बसणाऱ्या तरुणास कापडाचे गठ्ठे उधारीवर मिळतात, ते आजोबांच्या नावावर. दलित वस्तीतील तितक्याच हुशार मुलास आधी रोख मोजावी लागते. जातिमद व कुलमद गादीवरही बसतात. त्यांना वेगळी बैठक लागत नाही. अशा मुलास पहिला माल उधार द्यावा, घाऊक व्यापाऱ्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकावा, गाळा भाड्याने देताना आडनाव विचारू नये. येत्या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक पेढीने असे एक तरी नवे खाते उघडावे.