शिकविणाऱ्या बाई कारभार पाहू लागल्या तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी बोलण्याची आपली वहिवाट आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली; तेव्हा पांडित्याची अपेक्षा धरू नका. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका बाईंची हकिकत सांगते. त्यांचे नाव जोडी कॉन्रॅट. ऐकून हसू येईल, पण तिकडे 'जोडी' हे बायकांचे नाव असते.

बाईंचा जन्म १९४१ साली गोल्डथ्वेट नावाच्या लहानशा गावी झाला. त्या काळी तेथील शाळांत मुली बास्केटबॉल खेळत, पण निराळ्या नियमाने. संघ सहा जणींचा. तिघींनी चेंडू जाळीत टाकायचा, तिघींनी फक्त अडवायचे, आणि मैदानाची मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. सबंध मैदान धावणे मुलींना झेपणार नाही, ही समजूत! त्या अर्ध्या मैदानातही जोडीबाई सामन्यागणिक सरासरी ४० गुण मिळवीत.

पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि मुलींचे संघ तयार करू लागल्या. १९७६ साली ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाचा संघ त्यांच्या हाती आला. दहा वर्षांनी, १९८६ साली, त्या संघाने ३४ सामने खेळून ३४ जिंकले व राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. १९९७ साली ७०० सामने जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-संघाच्या मार्गदर्शिका ठरल्या. २००७ साली निवृत्त झाल्या तेव्हा तो आकडा ९०० झाला होता.

पण भगिनींनो, मला सांगायचे आहे ते याच्या पलीकडचे. १९७१-७२ साली अमेरिकेतील शाळांत खेळणारे मुलगे ३६ लाखांहून अधिक, आणि मुली तीन लाखही नव्हत्या. १९७२ साली कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करू नये. हळूहळू मुलींच्या खेळांना पैसा मिळू लागला. मात्र त्याबरोबर एक विलक्षण गोष्ट घडली. पूर्वी कॉलेजांतील मुलींच्या संघांना शिकविणाऱ्यांत शंभरांत नव्वदांहून अधिक बायका असत. पगार आला, मान आला, आणि ते प्रमाण उतरत उतरत निम्म्याच्याही खाली गेले. ठिकठिकाणी मुलींचे खाते मुलग्यांच्या खात्यात मिसळले आणि कारभाराची खुर्ची पुरुषाकडे गेली. रिकाम्या घरात राबायला बाई, आणि घर भरले की किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला, असाच हा प्रकार.

टेक्सास विद्यापीठात मुलींच्या खेळांचे खाते वेगळे राहिले. ते डॉना लोपिआनो या बाईंनी उभे केले होते. त्या गेल्यावर १९९२ साली जोडीबाई त्या जागेवर आल्या. आणि विशेष हे की, संघ शिकविणेही त्यांनी सोडले नाही. दुपारी हिशेब, संध्याकाळी मैदान! त्याच वर्षी तेथील विद्यार्थिनींनी आपल्याला खेळायला पुरेशी संधी नाही म्हणून विद्यापीठावर फिर्याद केली. १९९३ साली तडजोड झाली. त्यानंतरच्या वर्षांत सॉफ्टबॉल व नौकानयन यांचे मुलींचे नवे संघ उभे राहिले. कागदावरची तडजोड मैदानात उतरवायची तर जागा, मार्गदर्शक, कपडे, प्रवासखर्च, सारेच जुळवावे लागते. घामाची किंमत ठाऊक असलेली व्यक्ती त्या वेळी खात्याची प्रमुख होती, हे त्या मुलींचे भाग्य. २००१ साली ते पद सोडून बाई पुन्हा केवळ संघाकडे वळल्या, आणि २००३ साली त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या चौघांत पोहोचला.

हे सारे आज सांगण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. मंडळाचे मागचे पटांगण संध्याकाळी कार्यांसाठी भाड्याने द्यावे, असा विषय येत्या सभेपुढे आहे. तेथे आपल्या मुली खो-खो खेळतात. पैसा नको, असे मी म्हणत नाही. छपर गळते हे मलाही दिसते. पण ज्या दोघी भगिनी रोज मुलींना खेळवितात, त्यांपैकी एकही आपल्या कार्यकारिणीवर नाही. मुलींना किती जागा लागते, किती वाजता शाळा सुटते, कोणाला घरून परवानगी मिळत नाही, हे त्यांना ठाऊक. आणि निर्णय घेणार आपण, ज्या तिकडे फिरकतही नाही!

माझी विनंती एवढीच की, आधी त्यांतील एकीला कार्यकारिणीवर घ्या आणि मग पटांगणाचा विषय काढा. आठवड्यातील चार संध्याकाळी मुलींच्या ठेवून उरलेल्या तीन भाड्याने देता येतील, असे मला वाटते. त्यात अडचण असेल तर ती आपल्याआधी तिला कळेल.