चूक कोणाची?



३ फेब्रुवारी १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील आयोवा राज्यात एक चार आसनी विमान कोसळले. गायक बडी हॉली यांच्यासह चौघे गेले.

चौकशीत ठपका एकवीस वर्षांच्या वैमानिकावर आला. केवळ उपकरणे पाहून उडण्याचा परवाना नसता तो तशा रात्री निघाला. ठपका खोटा नव्हे. परंतु त्याच अहवालात आहे की, हवामानाचे इशारे त्याला पुरते कळविले नव्हते, आणि विमानाचा कल दाखविणारे उपकरण त्याच्या सवयीच्या उपकरणाहून उलटे दाखवीत होते.

यंत्रात हात गेला की ‘कामगाराची चूक’ म्हणून कागद मिटतो, हे आम्ही जन्मभर पाहिले. माणूस चुकणारच. ती चूक प्राणघातक कशाने झाली, तेही विचारा.