कच्चा लिंबू



आपल्याकडील मुलांच्या खेळांत एक गमतीचा रिवाज आहे. लपंडाव असो, लगोरी असो, आट्यापाट्या असोत. खेळणाऱ्यांच्या मागें मागें घरांतलें एखादें धाकटें भावंड हटकून येतें आणि 'मलाही घ्या' म्हणून हट्ट धरून बसतें. त्याला घ्यावें तर खेळाचा विचका होतो. न घ्यावें तर तें रडत आईकडे जातें. मग थोरलीं मुलें तोड काढतात : 'बरें, हा कच्चा लिंबू!' कच्च्या लिंबानें वाटेल तिकडे धांवावें, वाटेल तेथें लपावें; त्याच्यावर राज्य येत नाहीं, आणि तो बाद झाला तरी बाद होत नाहीं. तो खेळांत असतो. पण खेळ त्याचा नसतो.

आज मला बोलावयाचें आहे तें खेळांतल्या नव्हे, शाळेंतल्या कच्च्या लिंबांविषयीं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या कीं, स्नेहसंमेलनाचे वारे वाहूं लागतात. नाटकाच्या तालमी, वक्तृत्वाच्या स्पर्धा, हस्तलिखिताची जुळवाजुळव, सामने, सहली, सर्व कांहीं सुरू होतें. परंतु थोडें बारकाईनें पाहिलें, तर हीं सारीं कामें आठवी-नववींतलीं तींच दहापंधरा मुलें करीत आहेत असें दिसून येतें. नाटकांतला नायक तोच, वक्तृत्वांत पहिला तोच, आणि शेवटीं आभार मानणाराही तोच. पांचवी-सहावींतलीं मुलें काय करतात? तीं सतरंजीवर मांडी घालून बसतात, सांगितलें म्हणजे टाळ्या वाजवितात आणि ओळीनें घरीं जातात. 'संमेलन थाटांत पार पडलें' असें पुढें अहवालांत छापून येतें.

हा दोष मी दुसऱ्या कोणाच्या पदरीं घालीत नाहीं. मी स्वतः पुष्कळ वर्षें मास्तरकी केली आणि हेंच केलें. एका वर्षीं संमेलनाची व्यवस्था माझ्याकडे होती. पांचवींतला एक किरकोळ अंगाचा मुलगा मधल्या सुट्टींत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मला कांहीं काम द्या ना." मीं यादींतून मान वर न करतां म्हटलें, "मोठा झालास म्हणजे ये." दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां आला. तिसऱ्या दिवशीं दाराशीं नुसताच उभा राहिला आणि निघून गेला. पुढें चार वर्षांनीं तो नववींत आला. आवाज खणखणीत, वाचन दांडगें. आंतरशालेय वक्तृत्वाला धाडावयास मला असाच मुलगा हवा होता. मीं त्याला बोलावून घेतलें. तो अगदीं नम्रपणें म्हणाला, "नको सर, मला तें जमत नाहीं." आपल्याला तें जमत नाहीं, हें त्याला कोणीं सांगितलें होतें? मींच सांगितलें होतें. आणि तेंही तो दहा वर्षांचा असतांना. पुस्तकांतले धडे मुलें विसरतात. पण न शिकवितां दिलेले असे धडे सहसा विसरत नाहींत.

या प्रश्नाचें एक उत्तर दूर इंग्लंडांत शोधलें गेलें. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं ब्राउन्सी बेटावर सुमारें वीस मुलांची छावणी भरविली आणि तींतून बालवीर चळवळ उभी राहिली. ती थोरल्या मुलांसाठीं होती. परंतु त्यांचे धाकटे भाऊ स्वस्थ बसेनात. वय भरलेलें नसतांही ते पथकांत शिरूं पाहूं लागले. तेथलेही हे कच्चे लिंबूच! 'मोठे झालांत म्हणजे या' असें त्यांना कायमचें सांगतां आलें असतें. तसें न करतां १९१६ सालीं बेडन-पॉवेल यांनीं या लहानग्यांसाठीं लांडग्याच्या बछड्यांची, म्हणजे 'वुल्फ कब'ची, निराळी शाखा काढली. तिच्यांतील नांवें व कल्पना किप्लिंगच्या 'जंगल बुक'मधून घेतल्या. हा किप्लिंग १८६५ सालीं आपल्या मुंबईंतच जन्मला. आणि बछड्यांच्या प्रमुखाला आजही देशोदेशीं 'अकेला' या आपल्याकडील शब्दानेंच हांक मारतात. यांतली ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, थोरल्यांचें उरलेंसुरलें काम धाकट्यांच्या पुढें टाकलें गेलें नाहीं. त्यांच्या वयाला शोभेल असें काम त्यांच्यासाठीं मुद्दाम योजिलें गेलें.

दुसरें उदाहरण घरचें आहे. १९२४ सालीं साने गुरुजी अमळनेरच्या शाळेंत शिक्षक झाले. पुढें तेथील छात्रालयही त्यांच्याकडे आलें. मुलांसाठीं ते हातानें लिहून एक दैनिक काढीत. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत. १९३० सालीं नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यांत उतरले. म्हणजे शिक्षकीचा हा काळ अवघा सहा वर्षांचा. कामाला लागा असा उपदेश करणारे पुष्कळ असतात. आधीं स्वतः केरसुणी हातीं घेणारा शिक्षक भेटला, म्हणजे लहान मूल आपण होऊन दुसरी केरसुणी शोधूं लागतें.

मग आपण काय करावें? अनुभवानें पटलेल्या तीन गोष्टी सांगतों.

पहिली ही कीं, काम लहान असावें. पण खरें असावें. जें एक दिवस झालें नाहीं तर कोणाचें तरी अडतें, तें खरें काम. पावसाळ्यांत रोज सकाळीं पर्जन्यमापकांतलें पाणी मोजून आंकडा फळ्यावर लिहिणें दहा वर्षांच्या मुलाला सहज झेपतें. आणि ज्या दिवशीं फळा कोरा राहतो, त्या दिवशीं सारी शाळा विचारते, 'आजचा आंकडा कोठें आहे?' बागेला पाणी घालणें, वाचनालयांतल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या लावणें, नाटकाचा पडदा ओढणें, हीं कामें अशींच. पाहुण्यांसमोर हातांत फूल देऊन शोभेसाठीं उभें केलेलें मूल मात्र कच्चा लिंबूच राहतें.

दुसरी गोष्ट, सूचनाफलकावर भिस्त ठेवूं नये. 'इच्छुकांनीं नांवें द्यावींत' ही सूचना लहान मूल वाचतें. पण ती आपल्यासाठीं आहे असें त्याला वाटत नाहीं. त्याला नांवानें हांक मारावी लागते, आणि ती थोरल्या विद्यार्थ्यानें मारली तर सोन्याहून पिवळें. नववींतली एखादी ताई सहावींतल्या मुलीला म्हणाली, 'चल ग, हस्तलिखिताच्या समासावर आपण दोघी वेल काढूं,' तर आम्हां शिक्षकांच्या दहा व्याख्यानांनीं होत नाहीं तें काम होतें.

तिसरी गोष्ट, निवडीपेक्षां पाळी बरी. निवडींत चुणचुणीत मुलेंच पुढें येतात. पाळींत मुखदुर्बळ मुलालाही एक दिवस मिळतो. त्या दिवशीं तो अडखळेल, चार वाक्यांपैकीं दोन विसरेल. विसरूं द्यावें. उरलेलीं दोन त्याचीं स्वतःचीं असतात.

आतां घरच्या मंडळींशीं दोन शब्द. 'यानें अभ्यास बुडतो' ही तक्रार मीं पुष्कळदां ऐकली आहे, आणि ती सर्वस्वीं खोटी नाहीं. तालमींत रमून पुस्तकाला रजा देणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. म्हणून एका वेळीं एकच काम आणि दिवेलागणीला घरीं, एवढी मर्यादा आईबापांनीं जरूर घालावी. परंतु काम मुळींच नको, असें म्हणूं नये. पूर्वीं वाड्याच्या चौकांत दहा घरचीं मुलें एकत्र खेळत, भांडत आणि आपले तंटे आपणच तोडीत. दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत वाढणाऱ्या मुलाला तो चौक उरलेला नाहीं. आतां शाळा हाच त्याचा चौक. तेथूनही घंटा होतांच त्याला शिकवणीला नेलें, तर दुसऱ्यासाठीं खपण्याची आणि आपली चूक सर्वांदेखत पत्करण्याची संवय त्याला लागावी कोठें? आणि 'तिला घरीं काम आहे' हें कारण मुलीच्या बाबतींत जितक्या सहज आपल्या तोंडून निघतें, तितक्या सहज मुलाच्या बाबतींत निघत नाहीं, याचाही विचार व्हावा. मूल घरीं आलें म्हणजे 'कितवा नंबर आला?' याच्या ऐवजीं एखादे दिवशीं 'आज तूं काय केलेंस?' असें विचारून पाहावें.

कच्चा लिंबू पक्का भिडू केव्हां होतो? त्याचा कांहीं समारंभ नसतो. एके दिवशीं तो पकडला जातो आणि कोणीतरी म्हणतें, 'आतां राज्य तुझ्यावर!' त्याचा चेहरा क्षणभर उतरतो. मग त्याच्या लक्षांत येतें कीं, आज आपण खरे खेळांत आलों. या एका वाक्याची वाट पाहत कितीतरी मुलें आपल्या शाळांच्या दारांशीं उभीं आहेत. माझ्या दाराशीं उभा होता तो परत गेला. आपल्या दारांतलीं मुलें आपण परत जाऊं देऊं नयेत, एवढीच विनंति.