नावाची वीट पाराला लावा



देवळीत एखादी सार्वजनिक जागा लोकवर्गणीतून नीट करायची आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येक घराच्या नावाची वीट तिथे लावायची, ही कल्पना मला मनापासून आवडते. अमेरिकेत पोर्टलंड शहराच्या मध्यभागी १९८४ साली खुला झालेला मोठा चौक असाच नावांच्या हजारो विटांनी बांधलेला आहे. आपल्यालाही हे परकं नाही. बसथांब्यावरचा बाक, पाणपोई, देवळाची फरशी, सगळीकडे ‘यांच्या स्मरणार्थ’ वाचायला मिळतं. जेजुरी गडाच्या वाटेवरच्या दीपमाळाही भक्तांनीच बांधल्या.

पण पोर्टलंडच्या विटा जमिनीत आहेत, माणसं त्यांच्यावरून चालतात. ते मला इथे नको वाटतं. आपल्या घरांतली नावं आठवून पाहा: विठ्ठल, ज्ञानेश्वर, सीता, लक्ष्मी. त्यांच्यावर चप्पल पडलेली कुणाला बघवेल? कुणी म्हणेल, पंढरपूरला नामदेवांची पायरी आहे, रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे. खरंच आहे. पण ती जागा त्यांनी स्वतः मागून घेतली, असं परंपरा सांगते. स्वतःचं नाव पायाखाली ठेवणं ही नम्रता. गेलेल्या आईचं नाव तिथे ठेवायचा अधिकार मुलांना नाही.

म्हणून या विटा झाडाच्या पाराला लावाव्यात. माणसं सावलीत बसतील, नावं वाचतील. आपल्या मातीचंही हेच सांगणं आहे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम नीट दाबला नसेल तर जमिनीत बसवलेले गट्टू खालीवर होतात. त्यात नळाच्या पाइपासाठी खोदकाम झालं की उखडलेला गट्टू पुन्हा जागेवर येईलच याची खात्री नसते. पाराचा पायाही काळी माती काढून, मुरूम भरूनच घ्यावा, आणि बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवावी, नाहीतर नावं राहतील आणि झाड जाईल.

नाव रंगवू नये, कोरावं. कोरण्याआधी ते घरच्यांकडून लिहून घ्यावं, त्यांची सही घ्यावी. काना-मात्रेची चूक एकदा कोरली की पुसता येत नाही. कोणती वीट कुठे आहे याची नोंदवही नगर परिषदेत असावी. जमलेल्या पैशातला काही भाग देखभालीसाठी बँकेत ठेव म्हणून राहावा. गाजावाजा उद्घाटनाचा होतो, पण विटा टिकतात त्या या ठेवीवर.

आणि वीट सगळ्यांची एकाच मापाची हवी. कन्याकुमारीच्या विवेकानंद शिला स्मारकासाठी एकनाथ रानडे यांनी देशभरातल्या सामान्य माणसांकडून एकेक रुपया गोळा केला, आणि १९७० साली ते स्मारक खुलं झालं. रानड्यांचा जन्म आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला, टिमटाळ्याचा. देवळीतही कापूस वेचणाऱ्या बाईला हप्त्याहप्त्याने वर्गणी देता यावी, आणि तिच्या सासऱ्याचं नाव व्यापाऱ्याच्या वडिलांच्या नावाशेजारी त्याच अक्षरांत लागावं. मोठ्या देणगीला मोठी पाटी हा नियम एकदा शिरला, की गरीब घर पुढे येणार नाही.

नगर परिषदेला माझी विनंती आहे, ठराव करण्याआधी गावाची उघडी सभा बोलवा. आणि श्रोतेहो, त्या सभेला घरातल्या बायकांनाही घेऊन जा. पार कोणत्या झाडाचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवा.