आवाज मोठा, पण शब्द कुठे?

वर्धा जिल्ह्यात मी गेली कित्येक वर्षे माईक-साउंडचं काम करतो. भागवत सप्ताह, खंजिरी भजन, लग्न, सभा, सगळीकडे. आज बोलायचंय ते माझ्या एका चुकीबद्दल.

२०१७ साली आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतरच्या हंगामात हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावी फवारणीची काळजी सांगणारी सभा होती. साउंड माझा होता. नवे पॉवर्ड स्पीकर आणले होते, म्हणजे ज्यांच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो ते. पाहुणे बोलू लागले आणि मागच्या रांगेतले एक म्हातारबुवा उठून मला म्हणाले, "आवाज लय मोठा आहे गा, पण समजून नाही राहिलं." पंपात औषध पंधरा मिली टाकायचं की पन्नास, एवढंही त्यांना कळलं नव्हतं. मी घाबरून स्पीकरचं बटण कमी केलं. आवाज लहान झाला, फाटलेलाच राहिला.

असं का झालं? माईकमधून निघणारा सिग्नल अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा. त्याला मोठं करण्याचं पहिलं काम मिक्सरमधला प्रीअ‍ॅम्प करतो. त्याच्या बटणाला आम्ही गेन म्हणतो. गेन जास्त झाला की तिथेच लाल दिवा लागतो आणि आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात. छाटलेलं पुढे कोणालाच जोडता येत नाही. उसाचा रस करपला तर पुढे गुळाला कितीही घोटा, तसंच ते. उलट गेन फार कमी ठेवून स्पीकर पूर्ण उघडला, तर बोलण्यासोबत मिक्सरची 'सर्रर्र'ही मोठी होते.

म्हणून आता मी असं करतो. आधी स्पीकरचं बटण शून्यावर. स्पीकरच्या मागे माईक आणि लाइन असा खटका असतो, तो लाइनवर. (त्या दिवशी तोही माईकवर राहिला होता, हे आज कबूल करतो.) मिक्सरचे दोन्ही फेडर, चॅनलचा आणि मास्टरचा, शून्याच्या खुणेवर. मग जे बोलणार किंवा गाणार त्यांनाच माईकवर उभं करायचं. आमचा पोरगा हळूच 'हॅलो, हॅलो' म्हणतो त्यावर गेन लावला, की बुवांनी पहिली तान घेताच लाल दिवा. त्यांच्या खऱ्या आवाजावर हिरवे दिवे नाचावेत, क्वचित पिवळा लागावा, इथवर गेन. आणि सगळ्यात शेवटी स्पीकर हळूहळू उघडायचा, स्वतः शेवटच्या रांगेत कोणाला तरी उभं करून.

तरीही मागे ऐकू येत नसेल तर? उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, आणि स्पीकरची ताकद दुप्पट केली तरी भर पडते तीनच डेसिबलची. तेव्हा पुढच्यांचे कान फोडण्यापेक्षा मध्यावर आणखी एक स्पीकर उभा करावा. शिट्टी वाजत असेल तर माईक स्पीकरच्या मागे घ्यावा, बटणांशी भांडू नये.

१९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांत शिकागो रेडिओचे लाउडस्पीकर असत. गांधीजींच्या जुन्या छायाचित्रांत माईकवर ती पाटी दिसते. त्यांचा आवाज काही मोठा नव्हता, पण माणसं ऐकत होती.

आणखी एक. सुरू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना उलट, स्पीकर आधी. नाहीतर जो 'धाड्' असा आवाज होतो, त्याने मंडपात आईच्या मांडीवर झोपलेली पोरं दचकून उठतात, आणि मग रात्री अकरा वाजता सगळ्या आया माझ्याकडे बघतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)