अकराव्या वर्षीचा पेपर आणि ऐंशीव्या वर्षीची बुद्धी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



निरोगी वार्धक्यावर विद्यापीठांत चाललेले संशोधन हा विषय मी कळविला तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, "सर, हा डॉक्टरांचा विषय. बी. ए., बी. एड्. माणसाचे तेथे काय काम?" प्रश्न रास्त आहे. परंतु या क्षेत्रातील एका फार मोठ्या संशोधनाचा उगम दवाखान्यात नव्हे, शाळेच्या वर्गात झाला. त्याचा पहिला कच्चा माल शिक्षकांनी तपासलेले पेपर हा होता. म्हणून एका शिक्षकाने त्यावर बोलावे, यात वावगे काही नाही.

ही हकीकत स्कॉटलंड देशाची. १ जून १९३२ रोजी त्या देशातील १९२१ साली जन्मलेल्या, म्हणजे सुमारे अकरा वर्षांच्या, जवळजवळ सर्व शाळकरी मुलांना एकच बुद्धिमापन चाचणी देण्यात आली. वेळ ४५ मिनिटे. मुले ८७,४९८. खेड्यातील एकशिक्षकी शाळा असो वा शहरातील मोठी शाळा, पेपर एकच. पुढे ४ जून १९४७ रोजी १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांची अशीच चाचणी झाली. ही दुसरी चाचणी घेण्यामागे एक भीती होती. गरीब घरांत मुले जास्त होतात, त्यामुळे देशाची बुद्धी खालावत चालली आहे, असे तेथील काही विद्वान म्हणू लागले होते. निकाल लागला तो उलटा! १९४७ च्या मुलांची सरासरी १९३२ च्या मुलांपेक्षा थोडी वरच निघाली. गरिबांच्या मुलांविषयी असले भाकीत करणारे सर्वच काळात भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्यानंतर या गुणांच्या वह्या एडिंबरोच्या एका तळघरात पडून राहिल्या. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील पिढी मोठी झाली, कामाला लागली, निवृत्त झाली. १९९७ साली इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली या दोन प्राध्यापकांना त्या वह्यांचा पत्ता लागला. त्यांच्या मनात एक साधा विचार आला : ही मुले आता म्हातारी झाली असतील, त्यांना शोधून पुन्हा तोच पेपर द्यावा. १ जून १९९८ रोजी, बरोबर ६६ वर्षांनी, अ‍ॅबर्डीन शहरातील एका सभागृहात सत्याहत्तर वर्षांचे आजी-आजोबा पुन्हा बाकांवर बसले आणि अकराव्या वर्षी सोडविलेला पेपर त्यांनी परत सोडविला. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला वार्षिक परीक्षेचा कंटाळा येतो, ही गोष्ट वेगळी!

यातूनच एडिंबरो विद्यापीठाचे कायमचे संशोधन उभे राहिले. १९२१ च्या मुलांपैकी ५५० आणि १९३६ च्या मुलांपैकी १,०९१ माणसे त्यात सामील झाली. दर तीन-चार वर्षांनी त्यांना बोलावतात, स्मरणशक्ती तपासतात, चालण्याचा वेग मोजतात, रक्त घेतात, एम. आर. आय. यंत्राने मेंदूचे चित्र काढतात. कित्येकांनी तर मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी द्यावा असे लिहून ठेवले आहे. काहींच्या रक्तातील पेशींपासून प्रयोगशाळेतील बशीत मेंदूच्या पेशी वाढविण्यात आल्या आहेत. जिवंत माणसाच्या मेंदूला हात न लावता त्याच्याच जातीच्या पेशींवर औषध तपासून पाहता येईल, असा त्यामागील हेतू आहे.

आता या सर्व खटाटोपातून काय कळले? पहिली गोष्ट अशी की, सत्तराव्या वर्षी माणसामाणसांत बुद्धीचा जो फरक दिसतो, त्यातील सुमारे निम्मा अकराव्या वर्षीच असतो. हे ऐकून काही पालकांचा चेहरा उतरेल. पण दुसरा निम्मा? तो नंतरच्या आयुष्यातून येतो, आणि संशोधकांची सारी धडपड त्या निम्म्यासाठी आहे.

येथे कॉफीची गंमत सांगण्यासारखी आहे. कॉफी पिणाऱ्या वृद्धांची बुद्धी तल्लख दिसली. एवढ्यावर एखाद्या वर्तमानपत्राने मथळा दिला असता की कॉफी प्या, बुद्धी वाढवा. परंतु या लोकांचे अकराव्या वर्षीचे गुण हाती होते! ते लावून पाहिले तेव्हा संबंध बहुतेक नाहीसाच झाला. जी मुले आधीपासून हुशार होती, तीच पुढे कॉफी पिणारी झाली होती. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ओळखणे किती अवघड असते, याचे याहून चांगले उदाहरण मला तर्कशास्त्राच्या पुस्तकातही सापडले नाही. बुद्धिवर्धक गोळ्या आणि चूर्णे यांच्या जाहिराती वाचताना पालकांनी ही कॉफी आठवावी.

उलट काही गोष्टी टिकून राहिल्या. सत्तराव्या वर्षी जे अंगमेहनत व चालणे-फिरणे अधिक करीत होते, त्यांचा मेंदू त्र्याहत्तराव्या वर्षी कमी आक्रसलेला आढळला. धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूचे बाहेरचे आवरण अधिक पातळ होते. आपल्या मोहल्ल्यात विडीला व्यसन न मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ज्यांनी सोडली त्यांचे आवरण हळूहळू काही अंशी भरून येत असावे, असेही संशोधकांना दिसले.

आणि भाषा. या विषयाशी तर आपला थेट संबंध आहे. कोकणातल्या आपल्या मुलाच्या घरात कोकणी बोली, मदरशात उर्दू, बाजारात मराठी आणि शाळेत इंग्रजी. पालक माझ्याकडे येऊन म्हणतात, "सर, पोराच्या डोक्यात चार भाषांचा गोंधळ होतो. घरात बोली बंद करू का?" त्यांना मी हैदराबादचे उदाहरण देतो. तेथील निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांत ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते. अशा रुग्णांमध्ये हा आजार एकभाषी रुग्णांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला. विशेष म्हणजे जे अजिबात शाळेत गेले नव्हते, त्यांच्यातही हा फरक होता. रोज बाजारात तेलुगू आणि घरात दखनी बोलणारी निरक्षर स्त्री आपल्या मेंदूला न कळत व्यायाम देत होती, असा याचा अर्थ लावता येतो. आजार टळला असे नव्हे, लांबला.

हुशार माणसेच जास्त भाषा शिकत असतील, अशी शंका येईल. तिला उत्तर पुन्हा स्कॉटलंडच्या वह्यांनी दिले. १९३६ च्या गटातील ८५३ जणांची तपासणी करून २०१४ साली दाखविण्यात आले की, दुसरी भाषा जाणणाऱ्यांची वृद्धपणातील कामगिरी त्यांच्या बालपणीच्या गुणांवरून अपेक्षित होती त्यापेक्षा सरस होती. अठरा वर्षांनंतर भाषा शिकलेल्यांनाही लाभ झाला होता. तेव्हा बोली बंद करू नका. आणि वडीलधाऱ्यांनीही मुलांच्या शेजारी बसून नवी लिपी गिरवायला हरकत नाही.

नव्या औषधांविषयी थोडेच बोलतो. अल्झायमर रोगावरील लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला, बरा मात्र केला नाही, आणि मेंदूला सूज व रक्तस्राव होण्याचा धोकाही आढळला. मे २०२५ मध्ये तेथेच या रोगाच्या निदानास साहाय्य करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली. हे पुढचे पाऊल आहे खरे, पण त्यासाठी कोणी जमीन विकावी असे अद्याप काही घडलेले नाही.

त्यापेक्षा कानाकडे पाहा. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, आणि टाळता येण्याजोगी, चौदा कारणे दिली. ती सर्व दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांत बहिरेपण आहे, उपचार न केलेली अधू दृष्टी आहे, रक्तदाब व मधुमेह आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे श्रवणयंत्राचा प्रयोग झाला. एकंदर गटात फरक पडला नाही. परंतु ज्यांना धोका आधीच अधिक होता, त्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडे दादी ऐकत नाही म्हणून तिच्याशी बोलणेच थांबते, मग ती गप्प राहते, आणि मग आपण म्हणतो की वय झाले, डोके चालत नाही.

त्या चौदांतील एक कारण आहे लहानपणी शिक्षण न मिळणे. आपल्या देशात मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिच्याच आधारे पुढे झालेल्या अभ्यासात साठीवरील सुमारे ७.४ टक्के लोकांत स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि न शिकलेल्यांत जास्त. सातवीनंतर मुलीचा दाखला मागायला येणाऱ्या पालकांशी मी आजवर नोकरीच्या, लग्नाच्या गोष्टी बोलत आलो. यापुढे तिच्या सत्तराव्या वर्षाविषयीही बोलणार आहे.

शेवटी अध्यक्षसाहेबांकडे एक मागणी. आपल्या शाळेच्या मागच्या खोलीत जुनी जनरल रजिस्टरे आणि निकालपत्रके आहेत. काहींना वाळवी लागली आहे, आणि जागा मोकळी करण्यासाठी ती रद्दीत द्यावीत अशी सूचना पुढे आली आहे. ती देऊ नयेत. एक लोखंडी कपाट मिळाले तर नववीची मुले आणि मी या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पुसून, सालवार लावून ठेवू.