रेघ सरळ नसली तरी चालेल

‘गुरुजी, हत्ती काढून द्या ना!’ अशी मागणी वर्गातून आली, की गणित हसतखेळत शिकवणाऱ्या भल्याभल्या शिक्षकांना घाम फुटतो. मग फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी उमटते. चाळीस वह्यांत तीच झोपडी!

दोष शिक्षकांचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलेसाठी अंशकालीन निदेशक दिला तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरच्या वर असेल तर. खालच्या वर्गांना चित्रकला शिकवायची ती वर्गशिक्षकानेच. त्याने एटीडी केलेलं नसतं. मग त्याला तयार कसं करायचं?

शिक्षकांच्या शिबिरांत मी कवितेच्या तासाला जातो. तिथे हमखास ऐकू येतं, ‘आम्हाला रेघ सरळ ओढता येत नाही, चित्रकला काय शिकवणार?’ मी विचारतो, ‘कविता शिकवता ना? स्वतः किती लिहिल्या?’ हशा पिकतो. पण कविता शिकवायला कवी असावं लागत नाही, ती वाचता यावी लागते. तसंच मुलांचं चित्र वाचता आलं पाहिजे.

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली बालचित्रांचे टप्पे मांडले. सात ते नऊ वर्षांचं मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढतं, कधी घराच्या भिंतीआडची माणसंही दाखवतं. हे ठाऊक असलेला शिक्षक ‘भिंतीतून माणसं दिसतात का?’ म्हणून खोडरबर पुढे करणार नाही. ‘आत कोण कोण आहे?’ असं विचारील.

दुसरी गोष्ट, शिक्षकाने स्वतः हात रंगवावेत. ईदच्या आदल्या रात्री माझी आई मुलींच्या हातांवर मेंदी काढायची. तिला कुणी चित्रकार म्हटलं असतं, तर ती हसली असती. पण जागा कुठे मोकळी सोडायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रांगोळी, गोधडी, पोळ्याचे मातीचे बैल... असं काही ना काही प्रत्येक शिक्षकाच्या हातात असतं. प्रशिक्षण तिथून सुरू झालं, की भीती ओसरते.

हे काही परदेशी खूळ नव्हे. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, नई तालीमच्या शाळेत, मुलांना कला शिकवत होते. कला हाच शिक्षणाचा पाया, असं ते मानत.

मात्र एका दिवसाच्या शिबिराने हे साधणार नाही. केंद्राची शिक्षण परिषद भरते, तिथे शिक्षकांनी आपल्या मुलांची चित्रं आणावीत. जवळच्या हायस्कुलातल्या कलाशिक्षकाने त्यांच्यासोबत बसून ती पाहावीत. याला फारसा खर्च नाही.

वारंवार ‘चुकलं’ ऐकणारं मूल हळूहळू चित्र काढणंच सोडतं. मोठेपणी ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणतं. त्यांतलंच एखादं पुढे शिक्षक होतं आणि फळ्यावर तीच झोपडी काढतं. ही साखळी तोडायची, तर आधी त्या शिक्षकाच्या हातात खडू द्यावा आणि सांगावं, रेघ वाकडी आली तरी चालेल.